गवताचे भाडे

सकाळचे सहा वाजायच्या सुमारास मसाई माराच्या सेकेनानी गेटवर गाड्यांची रांग लागते. विषुववृत्त तिथून फारसे दूर नाही, तरी पाच हजार फूट उंचीमुळे पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. छप्पर वर उचलता येणाऱ्या लँड क्रूझर, त्यांत शाली पांघरून बसलेली माणसे, कोणाच्या मांडीवर दुर्बीण, तर कोणाच्या मांडीवर चिवड्याचा डबा. हो, चिवड्याचाच. मुंबईहून नैरोबीला विमानाने साधारण सहा तासांत पोचता येते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये या रांगेत 'अगं, स्वेटर घातलास का?' हे वाक्य कानावर पडले, तर दचकायचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत काश्मीर-केरळच्या शेजारी आता केनियाही असतो. निवृत्तीनंतर एकदा तरी पाहायच्या गोष्टींची एक यादी प्रत्येकाच्या मनात असते. मीही त्याच यादीचे बोट धरून तिथे गेलो होतो.

'सफारी' हा शब्द आपल्याला परका वाटायला नको. आपण ज्याला 'सफर' म्हणतो तोच हा अरबी शब्द, स्वाहिलीत जाऊन 'सफारी' झालेला. तिकडे त्याचा अर्थ नुसता प्रवास. मोटारीला तिथे 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा' आणि हिशेबाला 'हेसाबू'. उभे आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हा शेवटचा शब्द ऐकून बरे वाटले. कारण चार दिवसांच्या त्या भटकंतीत सिंह आणि हत्ती पाहता पाहता माझ्या डोक्यात एक हिशेबच घोळत राहिला. ज्या गवतावर हा सारा खेळ चालतो, त्या गवताचे भाडे कोण भरतो, आणि ते कोणाच्या हाती पडते?

तिकिटापासूनच सुरुवात करू. जानेवारी २०२४ पासून मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पर्यटकाला वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर मोजावे लागतात. दोनशे डॉलर म्हणजे सतरा हजारांहून अधिक रुपये. शिवाय तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळेचे. राहणे, गाडी, जेवण, विमान हे सारे वेगळे. एवढे पैसे मोजलेला माणूस गेटमधून आत शिरतो तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो, आणि तो स्वाभाविकही आहे: आता काहीतरी दिसलेच पाहिजे.

तेवीस गाड्या आणि एक चित्ता

या फेऱ्यांचे वेळापत्रक प्राण्यांनीच ठरवलेले आहे. ऊन चढले की सिंह सावलीला पसरतो आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही. म्हणून एक फेरी पहाटे आणि दुसरी दुपारी चारच्या पुढे. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. गुडघाभर गवत, मधूनच एखादे बाभळीच्या जातीचे छत्रीसारखे झाड, त्याखाली शेपट्या हलवणारी छोटी हरणे. मसाई भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. टेकडीवरून पाहिले की झाडांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके दिसतात आणि नाव पटते. मग चालकाजवळचा वायरलेस खरखरतो. स्वाहिलीत चार शब्द येतात, त्यांतला 'दुमा' तेवढा आपल्याला कळलेला असतो. दुमा म्हणजे चित्ता. गाडी वळते, वेग वाढतो आणि उंचवटा ओलांडला की समोर दृश्य दिसते: एका उघड्या उंचवट्याभोवती गाड्यांचे कडे आणि मध्यभागी चित्त्याची मादी.

मी मोजल्या, तेवीस गाड्या होत्या. नियम असा आहे की एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या थांबाव्यात, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी येण्याची वाट पाहावी, पंचवीस मीटरांच्या आत जाऊ नये, आणि रस्ता सोडून गवतात गाडी घालू नये. या चारांपैकी एकही नियम त्या वेळी पाळला जात नव्हता. मादी उठली, दूरवर चरणाऱ्या हरणांकडे पाहिले, चार पावले टाकली. तोच तिला चांगली पाहता यावी म्हणून दोन गाड्या पुढे सरकल्या आणि नेमक्या तिच्या व हरणांच्या मधे आल्या. ती पुन्हा बसली. छायाचित्रे मात्र उत्तम आली.

परतताना मी चालकाला विचारले. तो तिशीचा मसाई तरुण; मला 'म्झे' म्हणायचा, म्हणजे वडीलधाऱ्याला म्हणायचा तसा. तो म्हणाला, "म्झे, मी नियम पाळून मागे थांबलो, तर संध्याकाळी पाहुणे म्हणणार, त्या दुसऱ्या गाडीने चित्ता जवळून दाखवला, आमच्याने नाही. बक्षिशी त्याला, तक्रार माझी." कर्जवसुलीचे उद्दिष्ट गाठायला नियम वाकवणाऱ्या शाखाधिकाऱ्यांची स्पष्टीकरणे मी वर्षानुवर्षे वाचली आहेत. यापेक्षा प्रामाणिक स्पष्टीकरण क्वचितच वाचले असेल.

चित्त्याच्या बाबतीत ही गर्दी नुसती अशोभनीय नसते, जीवघेणी असते. सिंह आणि तरस यांच्याशी टक्कर घेण्याची ताकद चित्त्यात नाही. म्हणून तो मुख्यतः दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेत. २०१८ मध्ये मारा परिसरातील चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची वर्दळ कमी होती, तिथे एका वितीमागे सरासरी २.३ पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे वर्दळ फार होती, तिथे हेच प्रमाण ०.२ होते. म्हणजे शांत भागात दहा वितींमागे तेवीस पिल्ले जगली, आणि गाड्यांच्या गराड्यात दोन. पाहायला येणाऱ्यांच्या हौसेनेच पाहण्याची वस्तू संपत चालली आहे, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

जुलै २०२५ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीतून आलेली चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. मारा नदी ओलांडायला आलेले वाइल्डबीस्टचे कळप, आणि त्यांच्या वाटेत गाड्यांतून खाली उतरून काठावर गर्दी केलेली माणसे. त्यावर जगभर टीका झाली. आपण मात्र त्या टीकेत फार मोठ्याने सूर मिसळू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांत अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. जंगल बदलले, प्राणी बदलला, तरी मागच्या सीटवरचा माणूस तोच असतो.

रिकामा माळ ही दंतकथा

गाड्यांची गर्दी हा डोळ्यांना दिसणारा प्रश्न आहे. न दिसणारा प्रश्न जमिनीचा आहे आणि तो अधिक खोल आहे.

चित्रपटांतून आणि माहितीपटांतून आपल्या मनात आफ्रिकेच्या माळाचे एक चित्र ठसलेले असते: अफाट गवत, असंख्य प्राणी, आणि माणूस कुठेच नाही. जणू सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून हे असेच आहे. इतिहास वेगळे सांगतो. पूर्व आफ्रिकेच्या या माळांवर शतकानुशतके गुराखी जमाती आपली जनावरे चारत आल्या आहेत. गवत वेळोवेळी पेटवणे, पावसामागे कळप हलवणे, एका जागी फार दिवस न राहणे, या त्यांच्या रीतींनी तो माळ घडवला आहे. आपल्याकडचा धनगर जसा कोकणातून घाटावर आणि घाटावरून पुन्हा खाली उतरतो, तसाच हा मसाई.

मग माळ रिकामा केव्हा झाला? १८८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या शिंगात गुरांचा एक रोग शिरला आणि दहा वर्षांत थेट दक्षिण टोकापर्यंत पोचला. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हा रोग 'बुळकांडी' या नावाने चांगला माहीत होता. मसाईंची बहुतेक गुरे मेली. वाइल्डबीस्ट आणि रानम्हशी मेल्या. गुरांमागोमाग दुष्काळ आणि देवीची साथ आली, माणसेही मेली. मसाई त्या काळाला 'इमुताई' म्हणतात, म्हणजे सर्वनाश. युरोपीय शिकारी आणि अधिकारी मोठ्या संख्येने आले ते याच सुमारास, आणि निर्मनुष्य झालेला प्रदेश त्यांना मूळचाच निर्मनुष्य वाटला. पुढे १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांतून उठवून दक्षिणेकडे लोटले. उरल्यासुरल्या भागातून मग अभयारण्ये कोरली गेली. मारा १९४८ मध्ये ५२० चौरस किलोमीटरचे होते. १९६१ मध्ये ते वाढवले गेले, आज ते सुमारे १५१० चौरस किलोमीटर आहे.

याच रोगाच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर सेरेंगेटीभोवतीच्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस टोचण्यात आली. उद्देश गुरे वाचवण्याचा होता. पण गुरांतून रोग हटला तसा तो रानातूनही हटला, आणि १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. आज जगभरातून माणसे ज्या महास्थलांतराला पाहायला येतात, त्याचे हे आकारमान मसाईंच्या गाईला टोचलेल्या लशीमुळे आले आहे. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. गुरे आणि वन्यप्राणी यांचे नशीब किती एकत्र बांधलेले असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सीमारेषा की भाडेपट्टा

मारा आणि सेरेंगेटी हा वस्तुतः एकच माळ आहे. मधून केनिया आणि टांझानियाची सीमा जाते, पण तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबरचे दोन लाखांहून अधिक झेब्रे पारपत्र बाळगत नाहीत. पाऊस जिकडे, गवत जिकडे, तिकडे ते वर्षभर गोल फिरत असतात. या एकाच माळाबाबत दोन देशांनी घेतलेले मार्ग मात्र अगदी वेगळे आहेत.

टांझानियाचा मार्ग सीमारेषेचा. १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये मसाईंना त्यातून बाहेर काढले आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत जागा दिली. तिथे माणूस, गुरे आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असे ठरले. बेर्नहार्ड झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने आणि चित्रपटाने सेरेंगेटी जगप्रसिद्ध केले ते याच काळात. त्या कामात विमान कोसळून त्यांचा तरुण मुलगा गेला. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या सेरेंगेटीत मसाईला जागा नव्हती, हेही खरे.

न्गोरोंगोरोतील तडजोड आता ताणली गेली आहे. १९५९ मध्ये तिथे सुमारे आठ हजार माणसे होती, आता लाखाच्या वर आहेत. एवढी माणसे आणि त्यांची गुरे हा माळ पेलणार नाही, असे सरकारचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२२ पासून कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटर दूर हांदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलवले जात आहे. स्थलांतर ऐच्छिक आहे, असे सरकार सांगते; शाळा-दवाखान्यांच्या सोयी आटवून आम्हाला उठायला भाग पाडले जात आहे, असे तिथले रहिवासी सांगतात. जून २०२२ मध्ये लोलिओंदो भागातील १५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सरकारने सीमेचे दगड रोवले तेव्हा चकमक उडाली, एक पोलीस ठार झाला, अनेक मसाई जखमी झाले आणि कित्येक जण सीमा ओलांडून केनियात पळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्गोरोंगोरोत हजारो मसाई रस्त्यावर उतरले. लाल शुका पांघरलेल्या त्या माणसांनी अडवलेला रस्ता पर्यटकांच्या गाड्यांचा होता. त्यांना जगाला काय सांगायचे होते, ते यावरून कळते.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर पूर्ण बंदी घातली, पण अभयारण्याबाहेरचा प्राणी कोणाच्या जिवावर जगतो, हा प्रश्न तसाच ठेवला. मारा अभयारण्याभोवतीची जमीन आधी मसाईंच्या सामाईक मालकीची होती, आपल्या गायरानासारखी. पुढे तिचे वाटप होऊन कुटुंबागणिक सातबारा तयार झाला, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. वाटप झाले की कुंपण येते. कुंपण आले की वाइल्डबीस्टची वाट बंद होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की १९७७ पासून मारा परिसरातील जवळजवळ सर्व वन्यप्राण्यांची संख्या एक तृतीयांशावर किंवा त्याहून खाली आली. अभयारण्याच्या आतसुद्धा. कारण प्राण्याला अभयारण्याची सीमा कळत नाही आणि निम्मे वर्ष तो बाहेर असतो.

यातून २००५ नंतर एक नवी व्यवस्था आकाराला आली. तिला तिथे 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. आपण राखीव कुरण म्हणू. ओलारे ओरोक, मारा नॉर्थ, नाबोइशो ही त्यांतली काही नावे. शेकडो कुटुंबे आपले लागून असलेले तुकडे एकत्र करून पर्यटन-तळ चालवणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतात. अटी अशा: कुंपण घालायचे नाही, तिथे घर बांधायचे नाही, गुरे चारायची ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पट्ट्यांतच. मोबदल्यात एकरामागे ठरलेले भाडे थेट खात्यात जमा. पर्यटक कमी येवोत की जास्त, भाडे तेच. गाड्या आणि तंबू यांच्या संख्येवर मर्यादा. म्हणून चित्त्याभोवती तेवीस गाड्यांचे कडे तिथे सहसा दिसत नाही. मारा भागात अशा कुरणांचे एकूण क्षेत्र आज मूळ अभयारण्याच्या जवळपास बरोबरीचे आहे.

बँकेच्या माणसाला ही व्यवस्था चटकन आवडते. यात उपकाराची भाषा नाही. जमीनमालक आहे, भाडेकरू आहे, करार आहे, तारखेला पैसे आहेत. आमच्या चालकाच्या वडिलांची जमीन अशाच एका कुरणात होती. भाडे दर महिन्याला येते, त्यातून धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी जाते, असे तो म्हणाला. वन्यप्राण्याला त्याने दिलेली व्याख्या मला विसरता येत नाही. "आजोबांच्या वेळी सिंह म्हणजे गाय खाणारा. आता सिंह म्हणजे फी भरणारा."

एकाच गिऱ्हाइकावर चालणारे दुकान

पण खतावणीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पहिली गोष्ट, ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच भाडे मिळते. वाटपाच्या वेळी ज्यांच्या नावे तुकडा आला नाही त्यांना, आणि बहुतांश बायकांना, या करारात जागा नाही. त्यांची गुरे मात्र त्याच गवतावर चरत होती. दुसरी गोष्ट, राखीव कुरणातून निघालेली गुरे हवेत विरघळत नाहीत. ती शेजारच्या, करार नसलेल्या जमिनीवर गर्दी करतात, किंवा दुष्काळात रात्री अभयारण्यात शिरतात.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. मार्च २०२० मध्ये महामारी आली, केनियाने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली, आणि ती ऑगस्टपर्यंत बंद राहिली. तळ ओस पडले. भाडेकरूंचे उत्पन्न शून्यावर आले, कुरणांच्या भाड्यात कपात करावी लागली, कुठे देणगीदारांच्या आणि कर्जाच्या आधारावर ती टिकवावी लागली. त्याच वेळी गुरांचे बाजारही बंद होते. आमचा चालक चौदा महिने घरी होता. "भाडे निम्मे झाले आणि गाय विकायला बाजार नाही," तो म्हणाला. "तेव्हा गावातल्या दोघा-तिघांनी कुंपणाची तार आणली."

मी नोकरीत असताना एकच गिऱ्हाईक असलेल्या कारखान्याला कर्ज देताना आम्ही दहादा विचार करायचो. मालक कितीही सचोटीचा असो, मालाची प्रत कितीही चांगली असो. ते एक गिऱ्हाईक गेले की सारे गेले. मसाईंच्या कुरणाचे आज नेमके तसेच आहे. त्यांचा सारा हिशेब लंडन, न्यूयॉर्क, मुंबईहून येणाऱ्या विमानांवर उभा आहे. गाय ही त्यांची जुनी, दुष्काळातही थोडीफार साथ देणारी ठेव. ती आपण, म्हणजे पर्यटनाने, बाजूला सारायला सांगितली आहे. निदान तिच्या बदल्यात दिलेली हमी तेवढी भक्कम असायला हवी होती. ती नव्हती, हे २०२० ने दाखवले. आज पर्यटक परतले आहेत, आणि संकट टळले की संकटाचा धडाही विसरला जातो, हा जगभरचा अनुभव आहे.

विसर पडल्याच्या खुणाही दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मारा अभयारण्यात नदीच्या काठी एका जगप्रसिद्ध हॉटेल समूहाचा अत्यंत महागडा तळ सुरू झाला. तो प्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर असल्याचा आरोप करत स्थानिक मसाई नेत्याने न्यायालयात धाव घेतली. केनियाच्या वन्यजीव खात्याने आरोप नाकारला. त्या एका तळाबाबत कोण बरोबर, हे आपण इथे बसून ठरवू नये. पण नदीकाठी तळांची रांग वाढत आहे, हे तिथे फिरणाऱ्या कोणालाही दिसते. आणि कोणताही एक तळ वाट अडवत नसला, तरी त्या सर्वांची मिळून वाट अडू शकते.

मागच्या सीटवरचा माणूस

मग जाऊच नये का? मला असे अनेकांनी विचारले. माझे उत्तर आहे, जावे. पर्यटक गेले नाहीत तर काय होते, याचे उत्तर २०२० मध्ये मिळालेलेच आहे: कुंपणाची तार. पण जाणाऱ्याने आपण कोणत्या व्यवहारात सहभागी होत आहोत हे जाणून जावे. आपण तिकीट काढतो तेव्हा एखादा खेळ विकत घेत नाही. कोणाच्या तरी चराऊ जमिनीचे एक दिवसाचे भाडे भरतो.

हे एकदा मनात पक्के झाले की पुढच्या गोष्टी आपोआप सुचतात. सहल ठरवताना कंपनीला विचारावे, की मुक्काम कुठे आहे, त्या जमिनीचे मालक कोण, त्यांना भाडे मिळते का, तळावर काम करणारी माणसे आसपासची आहेत का. 'बिग फाइव्ह'ची हमी देणाऱ्या जाहिरातीकडे जरा संशयाने पाहावे. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस ही पाचांची यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे प्राणी ते हे पाच. बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी मात्र तशीच राहिली. आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिल्याच सकाळी गाडी सुरू होण्यापूर्वी चालकाला सांगावे, की पाचांहून अधिक गाड्या असतील तिथे आम्हाला जायचे नाही, बक्षिशी तीच मिळेल. हे वाक्य उच्चारायला अर्धे मिनिट लागते. ते आम्ही तिसऱ्या दिवशी उच्चारले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्झे, हे पहिल्या दिवशी सांगायचे असते."

सरकारांनी आणि जागतिक संस्थांनी करायचे काम अर्थातच मोठे आहे. ठरलेली गाडीमर्यादा गेटवरच मोजून लागू करणे, तिकिटाचा किती वाटा कोणत्या गावाला गेला हे दरवर्षी जाहीर करणे, पर्यटन थांबले तरी कुरणाचे भाडे वर्षभर देता येईल असा राखीव निधी उभा करणे. पीकविमा जर असू शकतो, तर गवताच्या भाड्याचा विमा का असू नये? 'बिमा' हा शब्द तर त्यांच्याकडे आहेच. आणि या साऱ्यात मसाई हा देखाव्याचा भाग म्हणून किंवा अडथळा म्हणून नव्हे, तर जमिनीचा मालक म्हणून टेबलाशी बसलेला हवा. ताडोब्यातून नवेगाव, जामणी यांसारखी गावे उठली, तेव्हा हेच प्रश्न आपल्यापुढे आले होते. त्यांची उत्तरे आपल्यालाही पूर्ण सापडली आहेत असे नाही. म्हणूनच तिकडे काय घडते याकडे आपले लक्ष हवे.

शेवटच्या दिवशी आम्ही एका राखीव कुरणात होतो. वायरलेस गप्प होता. दोन तासांत एकही सिंह दिसला नाही. एका उतारावर झेब्रे आणि वाइल्डबीस्ट चरत होते, आणि त्यांच्या पलीकडे, फार तर दोन फर्लांगांवर, एक दहा-बारा वर्षांचा मुलगा काठी खांद्यावर आडवी टाकून गाई हाकत चालला होता. त्या दिवशी तो पट्टा चराईला खुला होता. झेब्र्यांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा गवतात घातल्या. आमच्या गाडीतल्या कोणीतरी कॅमेरा उचलला आणि म्हणाले, "तो मुलगा आणि गाई जरा बाजूला झाल्या असत्या, तर फोटो चांगला आला असता."

कोणी काही बोलले नाही. मुलगा मात्र आमच्याकडे पाहून हात हलवून गेला. जमीन त्याची होती.